दावेदार म्हणायचे कोणाला?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत भावाचे आकडे सांगणारे आहेत, रुई-सरकीचा हिशेब मांडणारे आहेत, कायदा समजावून सांगणारे आहेत. आमच्या वाट्याला एकच शब्द आला आहे. तो शब्द म्हणजे दावेदार. ज्वारीची कापणी टाकून, वेचणीला आलेला कापूस झाडावर ठेवून तुम्ही इथे आलात, आणि आम्ही एका शब्दाचा कीस काढत बसलो, तर तुम्ही म्हणाल यांना काही कामधंदा उरलेला दिसत नाही. पण शब्दापायी आम्ही एकदा तोंडावर आपटलो आहोत. ते आधी सांगतो. शब्दाकडे मग येऊ.

काही हंगामांपूर्वीची गोष्ट. कापूस खरेदी केंद्रावर बंड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग दोन दिवस हलली नव्हती. ओलावा जास्त आहे असे सांगून माल परत पाठवत होते. संध्याकाळी रस्त्याच्या कडेलाच आम्ही सभा घेतली. सभा चांगली तापली. बोलता बोलता आमच्यातलाच एक जण म्हणाला, "फाटकाच्या आत बसलेला एकेक माणूस आपला वैरी आहे." टाळ्या पडल्या. टाळ्या आम्हीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा-वीस तरुण पोरे फाटकातून आत शिरली आणि काट्याजवळ जो उभा होता त्याला त्यांनी मारले. तो कोण होता? दहा कोसांवरच्या गावचा, तीन एकर कोरडवाहूचा धनी, हंगामापुरता रोजंदारीने काट्यावर लागलेला. भाव त्याने ठरवला नव्हता. ओलाव्याची अट त्याने घातली नव्हती. त्याचा स्वतःचा कापूस त्याच रांगेत चुलत्याच्या बंडीत उभा होता.

केंद्र सहा दिवस बंद राहिले. चौथ्या दिवशी पाऊस आला. ज्या पोरांनी हात उचलला त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. ज्यांनी उचलला नव्हता त्यांचा कापूस भिजून पिवळा पडला आणि मिळेल त्या भावाने खासगीत गेला. आणि ज्याच्याशी आपले खरे भांडण होते, त्याला या सगळ्याची वार्तासुद्धा नव्हती.

त्या रांगेत एक म्हातारबाबा होते. ते आम्हाला म्हणाले, "बाप्पा, वैरी म्हनलं का मारनं आलंच. तुमी शबुद देल्ला, पोरायनं हात देल्ला."

तेव्हापासून आम्ही शब्द तपासून घ्यायला लागलो. बियाण्याची पिशवी आपण उलटसुलट करून पाहतो. शब्द मात्र दुसऱ्याने दिला तसा पेरतो.

दावा आणि दुवा

दावा हा शब्द आपल्याकडे अरबीतून, फारशीच्या वाटेने आला. त्याच्या मुळाचा अर्थ आहे हाक मारणे, बोलावणे. त्याच मुळातून दुवा आला. म्हातारी माणसे लेकरांना दुवा देतात, ती देवाला मारलेली हाक. त्याच मुळातून दावत आली, ती जेवायला मारलेली हाक. म्हणजे दावा, दुवा आणि दावत ही तिन्ही एका आईची लेकरे आहेत. 'हे माझे आहे, ते मला मिळाले पाहिजे' अशी जी हाक चारचौघांत मारायची, तिचे नाव दावा.

मराठीत मात्र या शब्दाने तीन घरे केली. पहिले घर कोर्टातले. जमिनीचा दावा, दिवाणी दावा, नुकसानभरपाईचा दावा. तिथे दावेदार म्हणजे हक्क सांगणारा. दुसरे घर गावातले. 'त्यांचा आमचा तीन पिढ्यांचा दावा आहे', 'दोन घरांत उभा दावा आहे', 'दुश्मनदावा मांडला'. तिथे दावेदार म्हणजे वैरी. तिसरे घर राजकारणातले. निवडणूक आली की पेपरात रोज वाचता, अमुक पदाचे तीन दावेदार. तिथे दावेदार म्हणजे त्याच एका खुर्चीसाठी शर्यतीत उतरलेला.

एकच शब्द हक्कालाही आणि वैरालाही कसा काय चालतो, असा आम्हाला प्रश्न पडला. मग आपल्याच गावांकडे पाहिले आणि ध्यानात आले. हाक मारायची ती मारली, ज्याला मारायची त्याला मारली आणि त्याने ती ऐकली, तर तो हक्काचा दावा राहतो. हाक मारलीच नाही, किंवा भलत्यालाच मारली, तर ती मनात कुजते आणि तिचे वैर होते. गावातली बहुतेक वैरे ही न मांडलेल्या दाव्यांची वैरे आहेत.

धुऱ्याचा दावा

आमच्या माहितीतल्या एका गावात दोन सख्खे भाऊ होते. वाटणीनंतर मधल्या धुऱ्यावरून वाकडे आले. धुरा किती? दोन हात रुंद. दावा १९ वर्षे चालला. एकाने बैलजोडी विकली, दुसऱ्याने बायकोच्या अंगावरचे विकले. मोजणी तीनदा झाली. निकाल लागला तेव्हा जिंकलेला भाऊ वारून दोन महिने झाले होते. त्याच्या बायकोने आम्हाला सांगितले, "ज्याच्यासंगं १९ वर्सं बोलनं नव्हतं, त्यानंच खांदा देल्ला." दोन हात धुऱ्यावर दर वर्षी किती बोंडे पिकतात ते तुम्ही मोजा आणि त्या दाव्याचा ताळेबंद तुम्हीच मांडा.

हे आजचे नाही. वेदकाळच्या भाषेत भ्रातृव्य असा एक शब्द आहे. त्याचा एक अर्थ भावकीतला, चुलतभाऊ. दुसरा अर्थ शत्रू. पाणिनीला आपल्या व्याकरणात या दोन अर्थांसाठी दोन वेगळी सूत्रे लिहावी लागली. आपल्या मराठीनेही तेच केले. भाऊबंद म्हणजे नातलग आणि भाऊबंदकी म्हणजे भांडण. कौरव-पांडव कोण होते? चुलतभाऊच. आणि दावा कशाचा होता? वाटणीचा.

कौटिल्याने अर्थशास्त्रात राजाच्या शत्रूंचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याची जमीन आपल्या जमिनीला लागून तो पहिला. आपल्याच कुळातला, बरोबरीच्या जन्माचा तो दुसरा. आणि जो स्वतः विरोध करतो किंवा दुसऱ्याला आपल्याविरुद्ध उठवतो तो तिसरा. या तिसऱ्याला त्याने नाव दिले आहे कृत्रिम. म्हणजे जन्माने आलेला नव्हे, तयार झालेला.

हा हिशेब राजाचा होता. आपण मात्र तो आपल्या वावरात आणून ठेवला. धुऱ्याला धुरा लागलेला शेजारी तो एक वैरी, भावकीतला तो दुसरा. त्या दोघांशी लढता लढता आपली हयात सरते, आणि तिसऱ्याकडे पाहायला सवड होत नाही. कापूसवाल्याला कोणी सांगतो, उसाने तुझे पाणी नेले. उसवाल्याला सांगतो, कोरडवाहूवाले अनुदानाला सोकावले. शेतकऱ्याला सांगतो, मजूर माजले. मजुराला सांगतो, शेतकरी लुबाडतो. या सगळ्या कृत्रिम दावेदाऱ्या आहेत. त्या ज्याने तयार केल्या त्याचे नाव सातबारावर कुठेच नसते.

आणि वैराबद्दल आणखी एक. वैर हा शब्द वीर या शब्दापासून झाला असे संस्कृत जाणणारे सांगतात. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात नियम आहे की क्षत्रियाचा वध झाला तर वैर फेडण्यासाठी हजार गायी द्याव्यात, वैश्याचा झाला तर शंभर आणि शूद्राचा झाला तर दहा. कष्टकऱ्याच्या जिवाचा भाव तेव्हाही तळालाच होता, हे त्यात आलेच. पण एवढ्या जुन्या काळीही वैर ही फेडून संपवायची बाब धरली होती, हेही त्यातच आले. आपण वैर कर्जासारखे पोराच्या नावावर चढवतो.

१८७५ साली कागद का जाळले?

आता कोर्टातला दावा. त्यासाठी तुम्हाला पुणे आणि नगर जिल्ह्यांत घेऊन जातो. ती गोष्ट कापसापासूनच सुरू होते.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. हिंदुस्थानातल्या कापसाचा भाव चढला. सावकार दारात येऊन कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा निघाला आणि इकडचा भाव कोसळला. त्याच सुमारास सरकारने जमिनीची नवी आकारणी करून सारा वाढवला. भाव उतरला, सारा चढला आणि सावकाराने हात आखडता घेतला. आजच्या माणसालाही हे ओळखीचे वाटेल.

त्यात कायद्याची भर पडली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. हेतू चांगला होता, व्याज साठत जाऊ नये हा. घडले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार जुने खत बदलून नवे करून घेई, आणि मुद्दल व्याजासह नव्या खताचे मुद्दल होई. कुणबी अंगठा करी. मग दावा दाखल होई. कुणबी पुष्कळदा कोर्टात जातच नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई. म्हणजे सावकार कोर्टात जाऊन हाक मारून आला आणि कुणब्याने ओ सुद्धा दिली नाही. त्याचा दावा मनातच राहिला.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावात लोक उठले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हे लोण गेले. त्यांनी काय मागितले ते नीट ऐका. त्यांनी सावकाराचा जीव मागितला नाही. त्यांनी कागद मागितला. खते आणा, वह्या आणा, हुकूमनामे आणा. कागद दिला तिथे बहुतेक भांडण तिथेच थांबले. दिला नाही तिथे दुकाने लुटली गेली, काही ठिकाणी घरे पेटली. पण माणसाच्या जिवावर उठण्याचे प्रकार फारच थोडे. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला, त्यानेही दंगेखोरांचा रोख कागदांवर होता हेच नोंदवले.

त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना जे कळले, ते आम्हाला त्या काट्याजवळ कळले नाही. सावकार गेला तर त्याचा पोरगा तीच वही उघडून बसेल. आपल्या मानेवर आहे तो कागद.

त्यांची एक चूकही झाली. रोख बहुतेक मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. त्याच दराने, तशाच खतांवर कर्ज देणारे गावचे इतर सावकार बरेचसे वाचले. म्हणजे कागदावर बोट ठेवता ठेवता मध्येच जात आली. चळवळीत हे नेहमीच होऊ पाहते, म्हणून सांगून ठेवतो. दावेदाराचे नाव त्याच्या जातीवरून काढू लागलो की समजावे, आपले बोट कागदावरून घसरले.

तरी काम झाले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. खतावर आकडा आहे एवढ्यावरून न्यायाधीशाने हुकूमनामा द्यायचा नाही, खताच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती, व्याज किती, हे पहिल्यापासून तपासायचे, असे ठरले. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याचीही बंदी झाली. सगळे कर्ज फिटले असे नाही. पण एकतर्फी हाकेला दुसरी बाजू आली.

क्विंटलवरचे दावेदार

आता आपल्या एका क्विंटल कापसाकडे या. त्यावर किती दावेदार आहेत ते बोटावर मोजा. पीककर्जाची बँक एक. बियाणे आणि औषधाची उधारी देणारे दुकान दोन. वेचणीची मजुरी तीन. गाडीभाडे, हमाली, तोलाई चार. ओलाव्याची आणि कवडीची कपात पाच. आजारपणाला हातउसने घेतलेले सहा. सगळ्यात शेवटी घर.

यातल्या प्रत्येकाला वैरी म्हणून चालेल काय? वेचणीवाली बाई दिवसभर वाकून कापूस वेचते, तिचा दावा खरा आहे. हमालाच्या पाठीचा दावा खरा आहे. ते आपल्या बाजूचे दावेदार आहेत, कारण क्विंटलचा भाव पडला की त्यांचीही मजुरी पडते. बँकेचा दावा कागदावरचा आहे, तो तपासता येतो. व्यापाऱ्याचा दावा भावातल्या फरकावर आहे. त्याच्याशी घासाघीस होते, कधी भांडणही होते, पण उद्या पुन्हा त्याच्याकडेच जायचे असते.

आणि एक दावेदार असा आहे की जो मोजताना बोटावर येतच नाही, कारण तो फाटकाशी उभा नसतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये जाहीर केला. त्याच २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपली पराटी पाती-फुलांवर असताना, बाहेरून येणाऱ्या कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क सप्टेंबरअखेरपर्यंत माफ केले. मग ती मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे आपली पहिली आणि दुसरी वेचणी बाजारात येते तेवढ्याच दिवसांत दार उघडे. गिरणीवाल्यांनी स्वस्त कापसाचा दावा मांडला होता. तो दिल्लीत मांडला, लेखी मांडला आणि वेळेवर मांडला. आपणही हाक मारली, पण कुठे? फाटकावरच्या व्यापाऱ्याला. त्याच्या हातात ते शुल्क होते काय?

म्हणून आम्ही दावेदार ओळखण्याची एक साधी कसोटी ठेवली आहे. ज्याच्या सहीने गोष्ट बदलते, तो दावेदार. ज्याची सही चालत नाही, तो काट्यावरचा माणूस. त्याच्याशी भांडून घाम जाईल, दाम मिळणार नाही.

आखाड्यातली जोड

जत्रेत कुस्त्या पाहिल्या असतील. पंच जोड लावतात. ज्याच्याशी लढायचे त्याला आखाड्यात वैरी म्हणत नाहीत, जोड म्हणतात. 'याला तोलामोलाची जोड मिळाली नाही' असे म्हणतात तेव्हा त्यात हळहळ असते. दोघेही आधी माती अंगाला लावतात, हात मिळवतात, मग भिडतात. कुस्ती निकाली झाली की एकाची पाठ लागते, पण मान कोणी मोडत नाही. पुढच्या जत्रेला पुन्हा तीच जोड लागू शकते.

शासनाशी, गिरणीवाल्यांशी, बँकेशी आपले नाते असे जोडीचे असले पाहिजे. तो जबर असेल, पण त्याला समोर आणायचे, मातीत उतरवायचे, पंचांसमोर लढायचे. जो समोर येत नाही त्याच्याशी कुस्ती होत नाही. म्हणून चळवळीचे निम्मे काम दावेदाराला समोर आणण्याचे असते. मोर्चा, निवेदन, घेराव, कोर्टातला अर्ज, हे सगळे हाक मारण्याचे प्रकार आहेत. बाहेर ये, बस, बोल.

इथे नुरा कुस्तीपासून मात्र सावध राहा. दोघे आधीच ठरवून लढतात, तासभर धूळ उडवतात आणि बरोबरीत सोडवून बिदागी वाटून घेतात. सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे दोन दावेदार आयात-निर्यातीच्या प्रश्नावर एकदम गप्प बसतात, तेव्हा ओळखावे कुस्ती कोणती चालली आहे.

वावरातला शत्रू

शेवटी वावरात जाऊ, कारण तिथे आपण फसत नाही असे आपल्याला वाटते.

कृषी विद्यापीठाच्या तक्त्यावर 'नैसर्गिक शत्रू' असे लिहिलेले असते आणि खाली ढालकिडा, क्रायसोपा, ट्रायकोग्रामा यांची चित्रे असतात. आमच्या एका भावाने तो तक्ता वाचला आणि घरी येऊन याच किडी वेचून मारल्या. त्याचे काय चुकले? त्याने शत्रू एवढाच शब्द वाचला. कोणाचा शत्रू, हे विचारले नाही. ते आपल्या किडीचे शत्रू, म्हणजे आपले मित्र. ढालकिडा मावा खातो. ट्रायकोग्रामा बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालतो. ढालकिड्याची अळी दिसायला ओंगळ, म्हणून तिलाच आधी मार बसतो.

सगळ्यांनाच शत्रू समजून फवारले की काय होते ते आपल्याच विदर्भाने पाहिले. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरायची ती पोखरलीच. आपली माणसे गेली, मित्रकिडी गेल्या आणि बोंडातला शत्रू बोंडातच राहिला.

आता ज्वारीतला टारफुला घ्या. वर जांभळे-पांढरे फूल दिसते तोवर खाली त्याने ज्वारीच्या मुळाला तोंड लावून महिना झालेला असतो. उपटून फेकले तरी त्याचे बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. ते बी उगवते कधी? ज्वारीच्या मुळातून एक रस झिरपतो, ती त्याला हाक असते. हाक आली की बी फुटते आणि मुळाला चिकटते. कापसाच्या मुळातूनही तसाच रस येतो. शास्त्रज्ञांनी तो रस १९६६ साली पहिल्यांदा वेगळा काढला, तो कापसाच्याच मुळांतून. ज्वारीनंतर त्या वावरात कापूस घेतला की टारफुल्याचे बी हाकेला ओ देऊन फुटते. पण कापसाच्या मुळाला त्याला चिकटता येत नाही. आधार नाही म्हणून ते उपाशी मरते. सगळे बी एका वर्षात जात नाही, पण दर फेरपालटीला कमी होते. ना विळा, ना औषध. हाक मारून बाहेर काढायचे आणि मूळ द्यायचे नाही.

आमच्या मते दाव्याची याहून चांगली शिकवण नाही. १८७५ च्या लोकांनीही तेच केले. सावकाराला ज्या मुळाचा आधार होता तो कागद काढून घेतला.

बैठकीपुढे चार प्रश्न

म्हणून या बैठकीपुढे आमची एक सूचना आहे. यापुढे कोणत्याही आंदोलनाची हाक देण्याआधी गावच्या बैठकीत चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून काढावीत.

पहिला, आपला दावा नेमका काय आहे? रुपये किती, क्विंटल किती, तारीख कोणती. 'न्याय मिळाला पाहिजे' एवढ्याने चालणार नाही.

दुसरा, ही गोष्ट कोणाच्या सहीने बदलते? त्याचा हुद्दा लिहा. जात, गाव, आडनाव लिहू नका.

तिसरा, तो कशाच्या आधाराने उभा आहे? कोणता कागद, कोणता कायदा, कोणता हुकूम. तो कागद आपल्यापैकी एकाने तरी मुळापासून वाचलेला असावा.

चौथा, तो कबूल झाला तर आपले भांडण कधी संपले असे समजायचे? ज्या भांडणाला शेवट ठरलेला नाही, ते वैर आहे. ते आपल्या चळवळीत नको. आपली गावे त्याने आधीच भरलेली आहेत.

काट्यावरच्या त्या माणसाकडे आम्ही नंतर गेलो होतो. आमच्यातले तिघे आणि मारणाऱ्यांतली दोन पोरे. त्याच्या कपाळावर टाक्यांची खूण होती. त्याने आम्हाला बाजेवर बसवले, चहा पाजला. पोरांनी माफी मागितली. तो म्हणाला, "मले मारलं ते जाऊ द्या. पन तुमचं निवेदन कोनाच्या नावानं होतं, ते तं सांगा." आम्ही एकमेकांकडे पाहिले. निवेदन आम्ही लिहिलेलेच नव्हते.

या हंगामात ते लिहायचे आहे. वर नाव कोणाचे घालायचे ते आज संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मिळून ठरवू.